हिरवा पट्टा पिवळा केला म्हणून घर स्वस्त होत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात भाड्याने राहणारं जोडपं, दोघांचा मिळून पगार पन्नास हजारांच्या आसपास. शहरात घर परवडत नाही. शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जमीन दिसते आणि चौकशी केली की कळतं, हा सगळा हिरवा पट्टा आहे, इथे बांधकाम करता येत नाही. ‘टेकड्या वाचवा, शेती वाचवा’ म्हणणाऱ्यांची स्वतःची घरं कोथरूड-एरंडवण्यात कधीच झालेली आहेत. मग आम्ही राहायचं कुठं? हा पट्टा खुला केला तर घरं स्वस्त होणार नाहीत का? आणि तोवर तिथले दोन गुंठे घेऊन ठेवावेत का?

दोन गुंठ्यांचं शेवटी बोलतो. कोथरूडचा टोमणा मात्र आधीच मान्य करून टाकतो. कोथरूडही शेतांचंच गाव होतं. विकास आराखड्यांच्या कामात माझं अर्धं आयुष्य गेलं. हरकती-सूचनांच्या सुनावणीला मी आधी सरकारी बाजूने बसलो आणि नंतर सल्लागार म्हणून समोरच्या बाजूनेही. टेकडी राखा म्हणून तावातावाने बोलणारे खूप ऐकले. त्याच टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या घरकामवालीने कुठं राहावं, याबद्दल त्यांच्यापैकी कोणी अर्ज दिल्याचं मला आठवत नाही. तेव्हा राग समजण्यासारखा आहे. पण ‘हिरवं पिवळं करा (आराखड्याच्या नकाशात पिवळा म्हणजे राहण्याचा भाग), घरं स्वस्त होतील’ हे गणित चुकतं, आणि ते कुठे चुकतं हे समजल्याशिवाय पुढचं काही नीट दिसणार नाही.

लोक ज्याला सरसकट हिरवा पट्टा म्हणतात त्यात तीन निरनिराळ्या जमिनी असतात. टेकड्यांचे माथे आणि उतार ही पहिली. ओढे, नाले, नदीकाठ आणि पूररेषेच्या आतली जमीन ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे सपाट शेती, पडीक माळ, आराखड्यात ‘शेती’ किंवा ‘ना-विकास’ म्हणून दाखवलेली. पहिल्या दोन जमिनींवर तडजोड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरीवर तडजोड करायलाच हवी. प्रश्न फक्त कशी करायची एवढाच. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. टेकडीवर एकरा-एकराने सूट मागितली जाते, ओढे पाइपात घातले जातात आणि सपाट माळ सट्ट्यासाठी पंधरा-पंधरा वर्षं पडून राहतो.

टेकडीवर घरं नकोत याचं कारण तिथे सकाळी फिरायला छान वाटतं हे नाही. पुण्याच्या भोवतीची जमीन बेसाल्टची आहे. पाणी मुरतं ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत, आणि पावसाचं पाणी मंदावतं ते उतारावरच्या गवता-झुडपांमुळे. उतार कापून सपाट केला, त्यावर काँक्रीट घातलं की तेच पाणी दहापट घाईने खाली येतं, आणि खालचा ओढा तेवढा रुंद उरलेला नसतो. २०१३च्या जूनमध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ, शिंदेवाडीच्या बाजूला, टेकडी फोडून पाण्याची वाट अडवलेली होती. पावसाचा लोंढा महामार्गावर आला आणि गाडीतल्या मायलेकी वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याकाठच्या वसाहतींतली, म्हणजे ज्यांना परवडणारं घर म्हणून तेवढीच जागा मिळाली होती, अशी माणसं त्यात पुष्कळ होती. टेकडी मोडली की पहिला फटका श्रीमंताच्या बाल्कनीला बसत नाही, तो खाली ओढ्याकाठी बसतो. म्हणून ‘टेकडी की गरिबाचं घर’ असा सामना मांडणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

त्यात तांत्रिक बाजूही आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम जुना आहे. अशा उतारावर रस्ता चढवायचा, पाणी उपसायचं, ड्रेनेज उतरवायचं, संरक्षक भिंती बांधायच्या, हे सगळं मिळून दर चौरस फुटाला एवढा खर्च येतो की तिथे झालेलं कायदेशीर घर कधीच स्वस्त नसतं. टेकडीवर दोनच प्रकार होतात: बंगले आणि झोपड्या. मधल्या माणसाचं घर तिथे होत नाही.

आता तिसऱ्या, सपाट जमिनीचं गणित. आकडे मी सोयीसाठी गोल धरतो, तुम्ही तुमच्या भागातले भाव घालून बघा.

समजा हिरव्या पट्ट्यात एकराचा भाव एक कोटी आहे. आराखड्यात ती जमीन पिवळी झाली की भाव चार कोटींवर जातो. जातो म्हणजे किती दिवसांनी? खरं सांगायचं तर आराखडा जाहीर होण्याच्या आधीच जातो, कारण कोणता गट पिवळा होणार याची कुणकुण ज्यांना लागायची त्यांना लागलेली असते. शेतकऱ्याकडून साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र आधीच झालेलं असतं. म्हणजे झोन बदलल्याने जो तीन कोटींचा फरक तयार झाला, तो ना मूळ शेतकऱ्याला पूर्ण मिळाला, ना महापालिकेला, ना घर घेणाऱ्याला. तो मधल्यामधे राहिला.

बरं, धरून चालू की तो फरक कोणीच घेतला नाही आणि बिल्डरला जमीन एक कोटीनेच मिळाली. एकरावर रस्ते, मोकळी जागा सोडून साठ हजार चौरस फूट बांधकाम होतं असं धरलं, तर एक कोटीच्या जमिनीचा वाटा फुटाला १६७ रुपये पडतो आणि चार कोटींच्या जमिनीचा ६६७. फरक ५०० रुपयांचा. पंतप्रधान आवास योजनेतलं ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचं घर भिंती-जिन्यांसह साधारण ४२० चौरस फुटांचं होतं. म्हणजे जमीन एवढी स्वस्त मिळूनही त्या घरामागे वाचले दोन लाख दहा हजार. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर महिन्याचा हप्ता १,९०० रुपयांनी कमी झाला. आता ते घर कामाच्या जागेपासून पंचवीस किलोमीटरवर असेल, तर येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर, दुचाकीला दिवसाला एक लिटर पेट्रोल, महिन्याला अडीच हजारांच्या वर. दोघं नोकरी करत असाल तर दोन गाड्या. शिवाय टँकरची वर्गणी. बँक तुमच्या हप्त्याचा हिशेब करते, पेट्रोलचा करत नाही, म्हणून घर ‘परवडलेलं’ दिसतं.

पाण्याचं तर विचारूच नका. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे २९ टीएमसी, आणि त्यावर शहराइतकाच शेतीचाही हक्क. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, पण गाव हद्दीत येणं आणि नळाला शुद्ध पाणी येणं यांत कित्येक वर्षांचं अंतर असतं. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा नांदेड, किरकटवाडी भागात शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून विहिरीचं पाणी पुरवलं जातं, हे सगळ्या शहराला कळलं. तिथे राहणाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांनी घर घेताना सुविधांचे पैसे बिल्डरला मोजलेले होते, एवढंच.

मग घरांची टंचाई नेमकी कसली आहे? २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने देशातल्या शहरांत एक कोटी ८८ लाख घरांची कमतरता असल्याचा अंदाज दिला होता. त्या आकड्याचा सगळीकडे उल्लेख होतो, त्याची फोड फार कमी लोक सांगतात. त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाचा होता, आणि सुमारे ८० टक्के कुटुंबं अशी की ज्यांना डोक्यावर छप्पर आहे, पण एका खोलीत तीन पिढ्या कोंबलेल्या आहेत. आणि २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी नोंदवली गेली होती. ही कोंबलेली माणसं शहराच्या पोटात राहतात, कारण त्यांचं काम तिथे आहे. धुणीभांडी, हातगाडी, वॉचमनची पाळी, दवाखान्यातली आयाची नोकरी ही कामं हिंजवडीजवळच्या माण-मारुंजीच्या माळावर नेऊन चालत नाहीत. कडेचा हिरवा पट्टा उद्या सगळा पिवळा केला तरी यांच्या खोलीतलं एक माणूस कमी होणार नाही. तिथे होतील त्या दोन बेडरूमच्या सोसायट्या, त्यातले निम्मे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले.

इथवर वाचून पर्यावरणवाल्यांना बरं वाटलं असेल. आता त्यांच्या बाजूचं.

जमीन नुसती हिरवी रंगवून ठेवली की ती वाचते, हा समज चुकीचा आहे. पुण्यात १९९७ मध्ये ३८ गावं हद्दीत आली, त्यातली २३ पुढे राहिली. त्या २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी, आराखड्यात आलं. कल्पना उत्तम. शासनाने त्याला अंतिम रूप दिलं २०१५ मध्ये. म्हणजे गावं आल्यापासून १८ वर्षांनी. त्या अठरा वर्षांत टेकडीवर काय झालं असेल ते सुतारवाडी, वारजे, बावधन, धायरीच्या बाजूला जाऊन बघता येतं. आणि मोबदला ठरला तो ८ टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. शाळेसाठी किंवा रस्त्यासाठी दाट वस्तीबाहेरची जमीन गेली तर मालकाला २०१६च्या नियमांनी जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो. टेकडीवाल्याला ०.०८. पंचवीसपट फरक. डोंगरउताराला सपाट जमिनीइतकी किंमत नको हे मलाही पटतं, तिथे मुळात बांधकामाचा हक्कच नव्हता. पण इतक्या कमी मोबदल्यात माणूस जमीन देणार नाही हे ठरवताना कोणालाच दिसलं नसेल, असं मला वाटत नाही. संपादन रखडलं ते त्यामुळेच.

ज्या जमिनीला मोबदला मिळत नाही आणि परवानगीही मिळत नाही, ती जमीन गुंठ्यांनी विकली जाते. याला मी अजून अपवाद पाहिलेला नाही. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यात आठ-नऊ फुटांचा बोळ काढून अर्धा, एक, दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, सामाईक सातबाऱ्यावर नावं चढवायची किंवा नुसत्या नोटरीवर व्यवहार करायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत स्लॅब टाकून घ्यायचा. घेणारा कोण? बहुतेक वेळा तुमच्यासारखाच, ज्याला कायदेशीर घर परवडत नाही. मग काही वर्षांनी ती वस्ती नियमित करण्याची मागणी होते आणि शासन ती मान्य करतं. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१चा. १ जानेवारी २००१ ही त्यातली मुदतीची तारीख. २०२१ मध्ये ती सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. ज्याने वीस वर्षं नियम पाळून वाट पाहिली त्याच्यापेक्षा ज्याने स्लॅब टाकला तो शहाणा ठरला. अशा वस्तीत ना बाग असते, ना शाळेची जागा, ना आगीचा बंब आत जाईल एवढा रस्ता. हिरवंही गेलं आणि नीट घरही झालं नाही.

कोरडी बंदी कशी फसते याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण लंडनचं आहे. १९३८च्या कायद्यापासून वाढत गेलेला त्यांचा हरित पट्टा आज पाच लाख हेक्टरांहून मोठा आहे. शहर पसरलं नाही हे खरं, पण घरांचे भाव सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले आणि नोकरदार पट्ट्याच्या पलीकडच्या गावांतून रोज ये-जा करू लागले. शेवटी २०२४ मध्ये त्यांनी पट्ट्यातल्या निकृष्ट, आधीच वापरून झालेल्या तुकड्यांवर बांधकामाची वाट मोकळी केली, आणि तिथे परवडणाऱ्या घरांचा वाटा नेहमीपेक्षा जास्त ठेवण्याची अट घातली. आपल्याला त्यातून घ्यायची असेल तर ती अट घ्यावी. सूट आणि परवडणारं घर एकाच कागदावर, एकाच वेळी.

आपल्याकडे अशी अट नाही असं नाही. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प असेल, तर २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची आणि म्हाडाच्या सोडतीतून द्यायची, हा सर्वसमावेशक घरांचा नियम २०१३ पासून आहे. पुणे म्हाडाच्या सोडतीत जी ‘२० टक्के’ योजनेतली घरं दिसतात ती हीच. नियम चांगला आहे, आणि तरीही त्यातून घरं अपेक्षेच्या मानाने थोडीच आली. त्याची कारणं दोन, आणि ती नियमातच आहेत. चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. आता एकोणचाळीस गुंठ्यांचा भूखंड ३,९४६ चौरस मीटर भरतो! आराखडे तपासताना एकोणचाळीस गुंठ्यांचे प्रस्ताव किती येतात हे बघून हसू यायचं. शेजारी शेजारी दोन, दोन्हींची मालकी भावा-भावांच्या नावाने, आणि आर्किटेक्ट एकच. दुसरं असं की २० टक्के मोजायचे ते मूळ एफएसआयवर, म्हणजे भूखंडाच्या मानाने मुळात जेवढं बांधता येतं त्यावर. पुण्यात मूळ एफएसआय १.१ आहे, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर घेऊन प्रत्यक्ष बांधकाम दुपटीवर जातं. म्हणजे कागदावरचे २० टक्के जागेवर दहाच्या आसपास येतात. हे दोन्ही बदलायला नवा कायदा लागत नाही. मर्यादा खाली आणा, एकाच मूळ गटातून पडलेले तुकडे एकत्र मोजा, आणि टक्केवारी एकूण बांधकामावर लावा. बिल्डर ओरडतील. पण जमिनीचा भाव ठरवताना ते हीच अट धरून चालतील आणि तो बोजा बराचसा जमिनीच्या भावातून वजा होईल. नियम आधी आणि ठाम असला पाहिजे, एवढंच. जमीन घेऊन झाल्यावर नियम बदलला तर तो बोजा फ्लॅट घेणाऱ्यावर जातो.

सपाट हिरव्या पट्ट्याबद्दल माझं उत्तर विचाराल तर ते टीपी स्कीम आहे, नगररचना योजना. ही काही परदेशी आयात नव्हे. १९१५चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला या विषयाचा पहिला कायदा, आणि सांताक्रूझ, विलेपार्ल्याचे टीपीएस रस्ते त्यातूनच आले. पद्धत साधी आहे. पाचपन्नास शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यात रस्ते, बागा, शाळा, गरिबांच्या घरांसाठी भूखंड काढायचे, आणि उरलेली जमीन नीट चौकोनी प्लॉट करून त्याच शेतकऱ्यांना त्यांच्या वाट्याप्रमाणे परत करायची. क्षेत्र कमी मिळतं, किंमत जास्त मिळते. कोणाचीच सगळी जमीन हिसकावलेली नसते. गुजरातने हे मनावर घेतलं. १९९९ मध्ये त्यांनी कायदा बदलून मसुदा योजना मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेण्याची सोय केली, आणि अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा रिंगरोड मोठ्या प्रमाणात अशा योजनांतून झाला. मालकाला साधारण ६० टक्के जमीन परत मिळते, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जमीन काढून ठेवण्याची तरतूद त्यांच्या कायद्यातच आहे.

आपण मात्र १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात हे प्रकरण ठेवून पुढे जवळजवळ विसरलो. पुणे महानगर प्राधिकरण, पीएमआरडीए, २०१५ मध्ये झालं. म्हाळुंगे-माणची त्यांची पहिली टीपी स्कीम सुमारे २५० हेक्टरची, मालकांना ५० टक्के जमीन परत. दिशा बरोबर, चाल गोगलगायीची. पूर्ण प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्दच केला. तोवर कडेच्या गावांचा कारभार १९९७च्या प्रादेशिक योजनेवर चाललेला. तेव्हा हिंजवडी हे नाव पुण्याबाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. आराखडा लांबला की हिरवा पट्टा टिकत नाही, गुंठ्यांनी विरघळतो, हे वर आलंच आहे.

मगरपट्ट्याचं नाव अशा वेळी हमखास निघतं. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, सुमारे १२० कुटुंबांनी जवळजवळ चारशे एकर जमीन एकत्र करून, स्वतःची कंपनी काढून वसाहत उभी केली. झोनबदलाचा फायदा मधल्या माणसाऐवजी मूळ मालकाला मिळू शकतो हे त्यांनी दाखवून दिलं आणि मोकळी जागाही चांगली ठेवली. कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिथे घरकामाला येणारी बाई तिथे राहत नाही. मालकाचं भलं झालं, हिरवं राखलं गेलं, गरिबाचं घर तेवढं राहून गेलं. टीपी स्कीममध्ये दुर्बल घटकांचे भूखंड सुरुवातीलाच सार्वजनिक मालकीत काढून ठेवायचे, याचा आग्रह मी धरतो तो यासाठी. आणि ते भूखंड विकायचे नाहीत. विकले की दुसऱ्याच व्यवहारात ते बाजारभावाला जातात. भाड्याची घरं बांधा, मालकी प्राधिकरणाकडे ठेवा.

हिरव्या पट्ट्यात आवास योजनेच्या नावाने बांधकामाला सूट देण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे, तिच्याबद्दल माझं मत वाईट आहे. हेतू चांगला, पण ज्या माळावर बस जात नाही, पाणी जात नाही तिथे ३० चौरस मीटरची घरं बांधून ती पात्र माणसांनी घेतली नाहीत की मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून अट शिथिल होते. माळ गेलेला असतो.

शहराच्या आत काय करता येईल हे मी इथे फार लांबवत नाही, कारण प्रश्न कडेचा आहे. एकच सांगतो. पुण्यात मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या परिघात चारपर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे. जो वाढीव एफएसआय सरकार फुकटात निर्माण करतं, तो छोट्या घरांच्या अटीशिवाय देऊ नये. वनाज किंवा रामवाडी स्थानकाशेजारी तीन बेडरूम आणि दोन गाड्यांची पार्किंग असलेले मनोरे उभे राहिले, तर मेट्रोलाही प्रवासी मिळणार नाहीत आणि तुम्हालाही घर मिळणार नाही. माणमधला माळ वाचवायचा असेल तर लढाई वनाजला आहे, हे टेकडीवाल्या मंडळींनी लक्षात घ्यावं. शेजारच्या प्लॉटवर छोट्या घरांची उंच इमारत येते म्हटल्यावर हरकत घेणारे आणि टेकडीसाठी साखळी करणारे कधीकधी एकाच सोसायटीतले असतात.

आता तुमचे दोन गुंठे. घेऊ नका. हिरव्या पट्ट्यात तेवढ्या तुकड्यावर कायदेशीर बांधकाम परवानगी मिळत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही, म्हणून एजंट रोख किंवा हप्ते मागतो. तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला आहे आणि एजंट त्याचाच दाखला देतील. पण तुकड्याची नोंद सातबाऱ्यावर होणं वेगळं आणि त्यावर घर बांधायला परवानगी मिळणं वेगळं. ‘दोन वर्षांत पिवळा होणार’ असं सांगितलं तर संबंधित गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा प्राधिकरणाकडून स्वतः काढा, शे-पाचशे रुपयांचं काम आहे. त्यात ओढा किंवा आरक्षण, म्हणजे रस्ता, बाग, शाळेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, दाखवलं असेल तर तिथेच थांबा. आरक्षण दहा वर्षांत संपादन झालं नाही तर नोटीस देऊन पुढच्या २४ महिन्यांत उठू शकतं, १९६६च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ त्यासाठीच आहे, पण तो खेळ ज्याच्याकडे वकील आणि वेळ आहे त्याचा. पन्नास हजारांच्या पगारावर म्हाडाच्या २० टक्के योजनेत अर्ज करत राहणं जास्त शहाणपणाचं. सोडत नशिबाची असली तरी अनामत परत मिळते. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आजच काढून ठेवा, कारण अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात महा-ई-सेवा केंद्रात उभं राहायला जागा नसते. आणि प्राधिकरणाचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकतीसाठी साधारण महिनाभर मिळेल. त्या महिन्यात हजारो अर्ज जमीनमालकांचे येतात, शेकडो टेकडीप्रेमींचे येतात. भाडेकरूचा अर्ज माझ्या सगळ्या नोकरीत मी जवळजवळ पाहिला नाही. साध्या कागदावर, गावाचं नाव घालून लिहा: अमुक भागात टीपी स्कीम करा, त्यात भाड्याच्या घरांसाठी भूखंड ठेवा. पोच घ्या. सुनावणीला बोलावलं तर रजा टाकून जा.